नाशिकमध्ये पिनबॉल मशीन बनवायचंय? आधी एक फ्लिपर बनवा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वडिलांचं सातपूरला कॉइल वाइंडिंगचं छोटं युनिट आहे, थोरला भाऊ फर्निचरची कामं घेतो, तुम्ही स्वतः एम्बेडेड प्रोग्रॅमिंग करता. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका लहानशा गावात एक कुटुंब पिनबॉलची मशीनं बनवून विकतं हे तुमच्या वाचनात आलं आणि वाटलं, आपल्या घरात तर तिन्ही कसबं आहेत, मग आपण का नाही? कंपनी आधी काढावी की मशीन आधी बनवावं, खर्च कशात होतो, आणि वडील म्हणतात "खेळणी बनवून कुणाचं घर चाललंय का", त्यांना काय सांगायचं.

अंबडला आमचं घरचं वर्कशॉप आहे. सासरे, म्हणजे अण्णा, आयुष्यभर कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे मोटारी चालू-बंद करणाऱ्या विजेच्या स्विचच्या, कॉइल भरत आले. मिस्टर लाकूड आणि पत्र्याचं काम बघतात, जाऊबाई हार्नेस, म्हणजे वायरींच्या जुड्या, बांधतात, मी इलेक्ट्रॉनिक्स आणि दुरुस्ती. मॉलमधल्या आणि गेम पार्लरमधल्या मशीनांची दुरुस्ती करत मला एकवीस वर्षं झाली. स्वतःची पिनबॉल मशीनं आम्ही आजवर नऊ बनवली. आकडा लहान आहे, पण त्यातल्या प्रत्येक मशीनला आज काय होतंय ते मला माहीत आहे, आणि तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला तिथेच सापडतं.

उत्तर आहे, हो, करा. पण कंपनीची नोंदणी, लोगो, वेबसाइट सगळं बाजूला ठेवा आणि आधी एक फ्लिपर बनवा, म्हणजे उतारावरून घरंगळत येणारा चेंडू बटण दाबताच परत वर मारणारा हात. एकच. पाटावर बसवलेला.

ज्या कुटुंबाबद्दल तुम्ही वाचलंत ती स्पूकी पिनबॉल. चार्ली एमरी आणि त्यांच्या घरच्यांनी २०१३ मध्ये बेंटन या गावात सुरू केली. गावाची वस्ती हजाराच्या आसपास, म्हणजे सिन्नर तालुक्यातलं एखादं छोटं गाव म्हणा. पहिलं मशीन 'अमेरिकाज मोस्ट हाँटेड', आणि ती किती काढली? १५०. पुढे स्कॉट डानेसी यांनी डिझाइन केलेलं 'टोटल न्यूक्लिअर अ‍ॅनायलेशन' आलं २०१७ मध्ये, ती ५५०. याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. १९९२ मध्ये बॅलीने 'अ‍ॅडम्स फॅमिली' हे मशीन काढलं, ते २०,२७० विकलं गेलं. ज्या विल्यम्स कंपनीच्या कारखान्यात ते बनलं, तिने सात वर्षांनी, १९९९ मध्ये, पिनबॉलचा विभागच बंद केला. मोठ्या कारखान्याला मोठा खप लागतो, खप आटला की तो टिकत नाही. दीडशे मशीनं मात्र एका कुटुंबाला पुरू शकतात, अट एवढीच की त्या दीडशेंच्या दुरुस्तीत ते कुटुंब बुडून जाता कामा नये.

नव्या माणसाच्या हे लक्षात येत नाही. पिनबॉल मशीन विकलं की संपलं असं नसतं. ते रोज मार खाणारं यंत्र आहे. ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू, २७ मिलिमीटर व्यासाचा, दिवसभर रबरावर, प्लास्टिकवर, लाकडावर आपटत असतो. काहीतरी सैल होणारच, तुटणारच, जळणारच. तेव्हा फोन वाजतो. मोठ्या कंपनीत तो फोन भलताच कुणीतरी उचलतो. घरच्या कंपनीत बनवणारा आणि उचलणारा माणूस एकच असतो. त्यामुळे मशीन बनवताना प्रत्येक स्क्रूपाशी थांबून विचारायचं, हा मला सोलापूरच्या माणसाला फोनवर सांगून काढता येईल का? उत्तर नाही असेल तर तो स्क्रू तिथे नको.

आता फ्लिपर. पिनबॉलचा जीव इथे आहे. फार पूर्वी हा खेळ फ्लिपरशिवायच होता. १८७१ मध्ये माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत स्प्रिंगच्या दट्ट्याचं पेटंट घेतलं, त्यानंतर कित्येक दशकं माणसं चेंडू सोडायची आणि मशीनला हलके धक्के देत बघत राहायची. आपल्याकडे लहानपणी खिळ्यांचा बगाटेल बोर्ड असायचा ना, तसंच. १९४७ मध्ये गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी'वर पहिल्यांदा विजेवरचे फ्लिपर आले, सहा होते ते. पुढच्या वर्षी स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्ये दोनच ठेवले, खाली, पण तोंडं बाहेरच्या बाजूला. समोरासमोरची आजची मांडणी त्यातूनच पुढे आली. खेळणाऱ्याच्या हातात काही असेल तर ते हे दोन तुकडे. त्यांनी दगा दिला तर वरची चित्रं आणि दिवे कितीही सुंदर असोत, माणूस दुसऱ्यांदा नाणं टाकत नाही.

फ्लिपरच्या कॉइलला बहुधा दोन वाइंडिंग असतात. एक ताकदीचं, जाड तारेचं, रोध साधारण ४ ते ५ ओहम. दुसरं धरून ठेवण्याचं, बारीक तारेचं, दीडशे ओहमच्या आसपास. ५० व्होल्ट दिले की ताकदीच्या वाइंडिंगमधून ११ अँपिअरच्या आसपास करंट जातो, म्हणजे पाचशे वॅटच्या वर. एवढी वीज क्षणभरच झेपते. फ्लिपर वर पोहोचला की शेवटाला असलेला स्विच उघडतो, बारीक वाइंडिंग साखळीत येतं, करंट एक तृतीयांश अँपिअरपर्यंत उतरतो आणि बटण दाबून ठेवलं तरी कॉइल जळत नाही. हल्ली एकच वाइंडिंग ठेवून बोर्डातून पल्स देऊन धरून ठेवण्याची पद्धतही आहे. तुमच्या वडिलांना हे सगळं दोन मिनिटांत समजेल, कारण कॉन्टॅक्टरची कॉइलही ओढते आणि धरते. नाशिकचा फायदा इथे आहे. क्रॉम्प्टन, सीमेन्स, एबीबी यांच्यामुळे अंबड-सातपुरात स्विचगिअरच्या कामावर पिढ्या घडल्या. बॉबिन मोल्ड करणारा, लॅमिनेशन कापणारा, प्लंजर, म्हणजे कॉइल आत ओढते तो दांडा, टर्न करून देणारा, प्लेटिंग करणारा, सगळे पाच किलोमीटरच्या आत आहेत.

पण सवयीचं काम हाच धोकाही असतो. आमच्याकडे काय झालं ते सांगते. बंपर आणि स्लिंगशॉटसाठी, म्हणजे चेंडू लागला की त्याला उडवून लावणाऱ्या भागांसाठी, विल्यम्सची एक प्रसिद्ध कॉइल आहे, एई-२३-८००. नावातच सगळं आलं: २३ गेजची तार, ८०० फेरे. अण्णांनी बाजारातून २३ नंबरची तार आणली आणि भरायला बसले. साडेसहाशे फेऱ्यांनाच बॉबिन काठोकाठ भरलं. "बॉबिनचं माप चुकलंय," म्हणाले. आम्ही मोठं बॉबिन केलं, कॉइल बसवली आणि पहिल्याच संध्याकाळी दोन ट्रान्झिस्टर गेले. कारण तिसऱ्या दिवशी कळलं, मायक्रोमीटर लावल्यावर. अमेरिकेतलं २३ गेज म्हणजे ०.५७३ मिलिमीटर. आपल्या दुकानात २३ नंबर मागितलात की एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजप्रमाणे ०.६१० मिलिमीटर मिळते. तार जाड, रोध कमी, करंट जास्त. त्याला जवळची आपली तार २४ एसडब्ल्यूजी, ०.५५९ मिलिमीटर. चाळीस वर्षं तारेशी खेळलेल्या माणसाकडून हे झालं, कारण त्यांच्या जगात २३ चा अर्थ एकच होता. तेव्हापासून आमच्याकडे गेज हा शब्दच बंद आहे. मिलिमीटर आणि ओहम, बस.

त्या फसलेल्या कॉइलीतली एक अजून टेबलावर आहे. वरचं एनॅमल करपून काळपट चॉकलेटी झालंय आणि नाकाशी धरली तर अजून वास येतो. नवीन मुलगा कामाला आला की अण्णा त्याच्या हातात आधी ती देतात.

आणखी दोन गोष्टी फ्लिपरबद्दल, कारण दुरुस्तीला येणारी निम्मी मशीनं मी याच कारणाने उघडते. प्रत्येक कॉइलवर उलटा डायोड हवा, १एन४००४ चालतो. करंट तुटताना कॉइल जो झटका परत फेकते, तो यानेच गिळला जातो, नाहीतर तो बोर्डात शिरतो. आणि जुन्या मशीनमध्ये शेवटच्या स्विचचे कॉन्टॅक्ट टंगस्टनचे असायचे, कारण मोठा करंट तेच तोडायचे. ते कानशीने घासून साफ करतात. नव्यामध्ये तो स्विच फक्त बोर्डाला खबर देतो, त्यावर सोन्याचा पातळ मुलामा असतो, त्याला कानस लावली की संपला. दोन्ही स्विच दिसायला सारखे. मॉलमधल्या फिटरांनी कानस मारून घालवलेले कितीतरी स्विच मी बदललेत. तुमच्या मशीनमध्ये असा स्विच असेल तर त्याच्या शेजारीच लिहा, "घासू नये, फक्त कागद फिरवा". मराठीत लिहा.

म्हणून म्हणते, एक फ्लिपर पाटावर बसवा, समोर रबर लावलेली पट्टी ठेवा, आणि त्याला रात्रंदिवस चालू द्या. काउंटर लावा. कॉइल किती तापते, नायलॉनची स्लीव्ह कधी घासते, प्लंजरचं टोक कधी चेपतं, लिंकचं भोक कधी मोठं होतं, सगळं वहीत. आमचा पहिला फ्लिपर कॉइल-स्टॉपच्या, म्हणजे प्लंजर येऊन थांबतो त्या तुकड्याच्या, स्क्रूने हरला. स्क्रू सैल झाला, स्टॉप हलला, फेक मेली. बाकी सगळं ठणठणीत होतं. नायलॉक नट लावल्यावर तोच फ्लिपर आठवडे चालला.

दुसरा जीव म्हणजे खेळाचा पाट, प्लेफिल्ड. तुमच्या भावाचं काम. साधारण १२ मिलिमीटर जाडीचा, २० इंचांहून थोडा रुंद आणि ४२ इंच किंवा त्याहून लांब. अमेरिकेत हार्ड मेपलचा थर असलेला प्लाय वापरतात. साडेसहा अंशांच्या आसपास उतार. पाटात खिडक्या कोरून त्यात रंगीत प्लास्टिकचे इन्सर्ट बसवतात, खालून दिवा लागला की ते उजळतात. हे सगळं घासून एकसपाट करायचं, त्यावर छपाई, त्यावर गाड्यांना मारतात तो टू-पॅक क्लिअर कोट.

सोपं वाटतं. आम्ही पहिला पाट जुलैमध्ये केला. नाशिकचा जुलै तुम्हाला माहीत आहे, कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत. प्लाय दुकानातून थेट आणला, राउटरवर चढवला, इन्सर्ट चिकटवले, घासून आरशासारखा केला. दिवाळीनंतर चेंडू खेळताना टक-टक आवाज येऊ लागला. अण्णांनी काच काढली आणि पाटावरून अंगठ्याचं नख हळूच ओढत नेलं. प्रत्येक इन्सर्टच्या कडेला नख अडकत होतं. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड थंडीत आकसलं, प्लास्टिक होतं तेवढंच राहिलं. केसाएवढा उंचवटा, पण चेंडूला तो पायरीसारखा लागतो. सरळ जाणारा चेंडू तिथून तिरका होतो, आणि खेळणाऱ्याला वाटतं त्याचाच नेम चुकला. तो पाट आम्ही फेकला. दोन महिन्यांचं काम होतं.

आता प्लाय आणला की फळ्यांच्या मधे पट्ट्या ठेवून महिना-दीड महिना वर्कशॉपमध्येच रचून ठेवतो, मॉइश्चर मीटर लावल्याशिवाय हात लावत नाही, आणि पाटांचं काम कार्तिकापासून वैशाखापर्यंतच. पावसाळ्यात कॉइल, हार्नेस, पत्रा. घरच्या कंपनीला असं पंचांग पाळता येतं, महिन्याला ठरलेली मशीनं बाहेर काढायची असतील तर येत नाही. इन्सर्ट चिकटवायला दोन भागांचा इपॉक्सी, आणि खिडकीच्या कडेला चेंडूच्या दिशेने जराशीही फट नको.

क्लिअर कोटची घाई करू नका. वरून वाळलेला दिसतो, आतून मऊच असतो. त्यावर लगेच खांब कसून बसवले तर खांबाच्या बुडाशी कोट सुरकुततो, गोळा होतो आणि पुढे तिथूनच उडतो. परदेशातल्या महागड्या मशीनांवरही मी हे पाहिलंय. नाशिकला गाड्यांचं रंगकाम उत्तम होतं, बूथ असलेला माणूस शोधा आणि त्याला पैसे द्या. भावाला घराच्या गच्चीवर फवारू देऊ नका. त्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसात जातं, आणि तोंडाला बांधलेल्या रुमालाने काहीही अडत नाही.

काच बाजारात ५ मिलिमीटरची टफन मिळेल. परदेशी नकाशांत ३/१६ इंच लिहिलेलं असतं, म्हणजे पावणेपाच. तो पाव मिलिमीटर खाचेत अडतो. खाच आपल्या काचेच्या मापाने पाडा.

इलेक्ट्रॉनिक्सवर मी फार बोलत नाही, ते तुमचं क्षेत्र आहे. सगळं स्वतः लिहायच्या मागे लागू नका. मिशन पिनबॉल फ्रेमवर्क नावाचं मोफत, ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहे, पायथॉनमध्ये. बाजारातल्या तयार कंट्रोलर बोर्डांशी ते बोलतं. खेळाचे नियम त्यात लिहा. एक हट्ट मात्र जरूर धरा: प्रत्येक कॉइलला वेगळा फ्यूज. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला की कॉइलला वीज मिळतच राहते, ती तापते, धूर येतो, खालचा प्लाय भाजतो. दहा रुपयांच्या फ्यूजने हे टळतं. हार्नेसमध्ये प्रत्येक कनेक्टर वेगळ्या मापाचा ठेवा, म्हणजे चुकीच्या जागी बसणारच नाही. जाऊबाई तर प्रत्येक वायरच्या टोकाला नंबराची स्लीव्ह चढवतात. एका मशीनच्या हार्नेसला त्यांना आठवडा लागतो, आणि तो आठवडा कमी करायचा प्रयत्न आम्ही एकदा करून सोडून दिला.

मशीन उभं राहिलं की लगेच विकू नका. अनोळखी माणसांपुढे ठेवा. घरचे लोक मशीनला जपून खेळतात, त्यातून काही कळत नाही. आमच्या एका नातेवाइकांची गंगापूर रोडच्या बाजूला मिसळीची जागा आहे. रविवारी तिथे तास-तासभर नंबर लागतो, पोरं कंटाळलेली असतात. पहिलं मशीन आम्ही तिथे, झाडाखालच्या शेडमध्ये ठेवलं, फुकट. पहिल्या रविवारी दुपारपर्यंत डाव्या फ्लिपरचा काउंटर नऊ हजारांवर गेला.

त्या शेडमध्ये जे शिकलो ते वर्कशॉपमध्ये दहा वर्षांत शिकलो नसतो. रश्श्याचे हात बटणाला लागतात आणि तेल बटणाच्या नळीतून आतल्या पत्तीपर्यंत उतरतं. चेंडू जायला लागला की मोठी माणसं मशीन पुढून उचलतात, तेव्हा टिल्टचा लोलक, म्हणजे मशीन जास्त हलवलं की डाव बंद करणारा, नीट लावलेला नसेल तर पाय वाकतात. लहान मुलांचा हात दोन्ही बटणांना एकदम पोहोचत नाही, म्हणून दोघं-दोघं मिळून खेळतात, एक डावा, एक उजवा, आणि हे आम्हाला कधी सुचलंच नव्हतं. सगळ्यात मोठा धडा विजेचा. मधूनच मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं. वर्कशॉपला आणलं की ठीक. तीन रविवार मी तिथे मीटर घेऊन बसले. भटारखान्यात वाटणाचा ग्राइंडर सुरू झाला की लाइनचा व्होल्टेज पडायचा, आणि नेमक्या त्याच क्षणी कुणी दोन्ही फ्लिपर एकत्र मारले की बोर्डाचा सप्लाय खाली जाऊन तो रिसेट व्हायचा. बोर्डाचा सप्लाय कॉइलच्या सप्लायपासून वेगळा केला, प्रश्न मिटला. अमेरिकी मशीनांतही हा रोग जुनाच आहे, पण तो आपल्या भटारखान्यात कसा उठतो ते तिथे बसल्याशिवाय कळलं नसतं.

विषयाबद्दल तुम्ही विचारलंत, एखाद्या सिनेमाचा घ्यावा का? नको. हक्क विकत घ्यावे लागतात, आणि न विचारता घेतले तर पहिल्या नोटिशीला कंपनी बंद. स्पूकीनेही पहिलं मशीन स्वतःच्या कल्पनेचंच केलं. आपल्या गावात विषयांना तोटा नाही. आमच्या मशीनचं नाव 'विसर्ग'. पावसाळ्यात नाशिककर दिवसातून चारदा एकमेकांना विचारतात, गंगापूर धरणातून किती सोडलंय? तेच खेळात घेतलं. वरच्या कोपऱ्यात धरण. त्यात तीन चेंडू एकेक करून अडवायचे. तिसरा अडला की दिवे मंद होतात, भोंगा वाजतो आणि दरवाजा उघडून तिन्ही चेंडू एकदम खाली येतात. घाटाच्या पायऱ्या म्हणजे पडणारी टार्गेट, होळकर पूल म्हणजे रॅम्प, आणि गुण क्युसेकमध्ये. पुराची पातळी आपण गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून मोजतो, तेव्हा तो पाटावर घ्यावा असं पहिल्यांदा मनात आलं होतं. अण्णांनी नको म्हटलं. देवावर चेंडू आपटायचा नाही. बरोबरच होतं ते. आम्ही नुसत्या दिव्यांची उभी रांग केली, पाणी चढेल तशी एकेक दिव्याने वर जाते. बघणाऱ्याला न सांगता कळतं. बाहेरगावच्या माणसाला समजावून सांगावं लागतं, तेही आम्हाला आवडतं.

आता पैसे आणि कायदा. नाणं टाकून खेळायचं मशीन म्हटलं की पोलीस आणि घरमालक दोघांनाही जुगाराची शंका येते. ही शंका जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला गार्डिया यांनी १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी आणली, मशीनं हातोड्याने फोडली. ती उठली १९७६ मध्ये, आणि उठवण्यात रॉजर शार्प या खेळाडूचा हात होता. त्यांनी अधिकाऱ्यांसमोर मशीनवर खेळून दाखवलं, चेंडू कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगितलं, दट्टा ओढला, आणि तो तिथूनच गेला. आपल्याकडचा १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदाही निव्वळ कौशल्याच्या खेळाला वगळतो. तेव्हा मशीनमधून पैसे, कूपन, बक्षीस असं काहीही बाहेर पडेल अशी सोय ठेवू नका. चांगला खेळलास तर आणखी एक चेंडू, किंवा एक डाव फुकट, एवढंच. कोणत्या जागेला कोणता परवाना लागतो ते मशीन ठेवण्याआधी वकिलाला विचारून घ्या.

भांडवलाबद्दल एकच गोष्ट जीव तोडून सांगते. गिऱ्हाइकाचा अ‍ॅडव्हान्स खर्च करू नका. या धंद्यात गेल्या दहा-बारा वर्षांत नव्या कंपन्या ज्या पद्धतीने बुडाल्या ती एकच आहे: सुंदर चित्र दाखवायचं, शेकड्याने बुकिंग घ्यायचं, त्या पैशांत पहिलं मशीन डिझाइन करायचं, आणि मग बनवायला पैसे उरत नाहीत. आम्हीही परदेशातल्या अशाच एका कंपनीकडे सुट्या भागांसाठी पैसे भरले होते. भाग आले नाहीत, पैसेही नाहीत, पुढे मेलला उत्तरही नाही. शेवटी मी त्यांच्या वेबसाइटवरचे फोटो मोजून भाग इथे बनवून घेतले. अमेरिकेत नव्या मशीनचं साधं मॉडेलसुद्धा ७,००० डॉलरच्या घरात जातं. एवढी रक्कम माणूस विश्वासावर देतो. कायद्याचंही बघा. प्रायव्हेट लिमिटेड काढलीत आणि मालापोटी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत माल देऊन वळती केली नाहीत, तर २०१४ च्या नियमांप्रमाणे ती 'ठेव' धरली जाते आणि प्रकरण वेगळ्याच दिशेला जातं. सीएंकडून हे नीट समजून घ्या. आमची पद्धत अशी की पाट छापून, कोट वाळून तयार असेल तेवढ्याच मशीनांचं बुकिंग घ्यायचं. तीन पाट तयार, तर तीन गिऱ्हाइकं. चौथ्याला थांबायला सांगायचं. पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळते, पण चौथा माणूस थांबतो.

यामुळे पहिलं मशीन घरच्या पैशांतूनच होणार. वडिलांच्या युनिटचं रोजचं काम अजिबात थांबवू नका. आमच्याकडेही कॉन्टॅक्टरच्या कॉइलच घर चालवतात, दुरुस्ती पगार काढते, आणि पिनबॉल त्या दोघांच्या खांद्यावर उभं आहे. कदाचित कधीतरी स्वतःच्या पायावर उभं राहील. वडिलांना हे असंच स्पष्ट सांगा, उद्या खेळण्यांवर घर चालेल असं सांगू नका.

घरातल्या घरात कोणाचा शब्द शेवटचा, हेही आधी ठरवा. सगळ्यात जास्त वाद पाटाच्या खालच्या बाजूला होतात. भावाला तिथे आडवी पट्टी हवी असते, तुम्हाला तिथून वायर न्यायची असते, वडिलांना तिथेच कॉइल. आमच्याकडे ठरलंय की दुरुस्ती जो करणार त्याचा शब्द शेवटचा. म्हणजे माझा. मिस्टरांनी एकदा फार देखणा पत्र्याचा रॅम्प केला होता. त्याच्या खालचा बल्ब बदलायला अकरा स्क्रू काढावे लागत. मी तो परत पाठवला. दोन दिवस घरात बोलणं बंद होतं. आताचा रॅम्प दोन स्क्रूंवर निघतो आणि दिसायला तेवढाच छान आहे.

मशीनचं वजन सव्वाशे किलोच्या आतबाहेर भरतं. ते पाय काढून, मागचं डोकं दुमडून, उभं करून नेतात. दरवाजे आणि जिने आधी मोजून या. आमचं चौथं मशीन कॉलेज रोडच्या एका तिसऱ्या मजल्यावर गेलं, लिफ्टमध्ये मावत नव्हतं, मिस्टर आणि भाऊजींनी जिन्याने चढवलं.

वडिलांना माझं एक सांगा. त्यांनी आजवर भरलेल्या हजारो कॉइल कुठल्या तरी पॅनेलच्या आत बंद आहेत, त्या चालताना त्यांनी पाहिल्या नसतील. अण्णांनीही नव्हत्या पाहिल्या. मिसळीच्या शेडमध्ये त्या पहिल्या रविवारी ते प्लास्टिकच्या खुर्चीवर मशीनच्या बाजूला बसले होते, खेळाकडे न बघता, डोळे मिटून. मी विचारलं, बरं नाही का? म्हणाले, "उजवा किंचित मऊ मारतोय." उघडून पाहिलं तर उजव्या कॉइलला वायर जोडलेल्या टोकाचं सोल्डर अर्धवट धरलेलं होतं.

०.५५९ मिलिमीटर तारेचं एक रीळ, दोन रिकामी बॉबिनं आणि मायक्रोमीटर घेऊन सुरुवात करा. फेरे मोजताना त्यांच्याशी मधे बोलू नका. पाटावरचा फ्लिपर महिनाभर चालला की अंबडला घेऊन या, शनिवारी दुपारनंतर आम्ही सगळे असतो.